कुंडीतल्या लसणाला गड्डाच आला नाही, फ्रिजमधला उगवला आणि पेस्ट हिरवी पडली!

डोंबिवलीची_बाग

नमस्कार मंडळी, आधीच सांगते की श्रावणात लसणाचा धागा काढतेय म्हणून ओरडू नका, उलट श्रावणामुळेच हा सगळा घोळ झालाय.

तर प्रश्न एक नाही तीन आहेत. पहिला बाल्कनीतला. मागच्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी दोन आयताकृती कुंड्यांत लसूण लावला, किराणावाल्याकडून आणलेला चांगला मोठ्ठ्या पाकळ्यांचा, टोक वर करून, बारा पाकळ्या. अकरा उगवल्या, पात मस्त आली, मी रोज सकाळी चहा घेऊन जाऊन बघायचे. एप्रिल संपता संपता पात पिवळी पडली म्हणून उपटलं तर काय, गड्डा नाहीच! छोट्या कांद्यासारखा एकच गोळा, वरून पांढरं साल, आत पाकळ्या-बिकळ्या काही नाही, सुपारीपेक्षा थोडा मोठा. दोन सडले होते, नऊ गोळे आले. नवरा म्हणाला तू लसूण लावलास की कांदा. ते नऊ गोळे अजून जाळीच्या पिशवीत खिडकीला लटकतायत, फेकवत नाहीत.

दुसरा प्रश्न, पाडव्याला सासूबाईंनी गावाहून (कोरेगाव तालुका, सातारा) पाच किलो गावरान लसूण पाठवला, बारीक पाकळीचा, जांभळट. त्या स्वतः कांदेनवमी झाली की कार्तिकीपर्यंत कांदा-लसूण खात नाहीत पण आम्हाला वर्षाचा देतात. यंदा आमच्याकडेही श्रावण पाळायचं ठरलं, म्हणजे महिनाभर लसणाला हात नाही. मे महिन्यात घर भट्टीसारखं तापतं म्हणून मी निम्मा लसूण फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवला होता आणि निम्मा टोपलीत ओट्याखाली. आता बघते तर फ्रिजमधल्याला हिरवे कोंब, काहींना बोटभर, आणि टोपलीतला थोडा पोचट झालाय, दोन गड्ड्यांवर काळी बुरशी.

तिसरा, श्रावण लागायच्या आधी घाबरून अर्धा किलो सोलला (दोन तास, अंगठ्याचं नख गेलं), आलं-लसणाची पेस्ट केली, टिकावी म्हणून वर लिंबू पिळलं आणि दुसऱ्या दिवशी पेस्ट मोरपिशी हिरवी! अक्षरशः. फेकून द्यायची का? शेजारच्या काकू म्हणाल्या मिक्सरच्या पात्याचं तांबं उतरलं, पण पातं तर स्टीलचं आहे.

आणि एका व्हिडिओत बघितलं की सोललेला लसूण तेलात बुडवून बरणीत ठेवला की सहा महिने टिकतो. उरलेल्याचं तसं करू का? लवकर सांगा, घरभर वास सुटलाय आणि उद्या माझ्याकडे सत्यनारायण आहे.

आगळ

मोरपिशी पेस्ट 😂 फोटो टाका ना ताई.

बाकी ते नऊ गोळे म्हणजे एकपाकळी लसूण, बाजारात औषधी म्हणून महाग विकतात की लोक. तुम्ही श्रीमंत झालात.

वाफेवाला

ताई, जुन्नर तालुक्यात आमची शेती आहे, कांद्याबरोबर दरवर्षी दहा-पंधरा गुंठे लसूण असतोच, त्यामुळं पहिल्या दोन प्रश्नांचं मी सांगतो, हिरव्या पेस्टचं कोणी शिकलेलं माणूस सांगेल.

गोळा का आला? तर लसणाला थंडी लागते. नुसती वाढायला नाही, आत कुड्या (तुम्ही म्हणता त्या पाकळ्या) पडायला. जमिनीत गेल्यावर काही आठवडे गारवा मिळाला की त्याला कळतं की आता पुढं दिवस मोठा होणार, ऊन वाढणार, मग तो गड्डा धरतो आणि कुड्या वेगळ्या करतो. गारवा कमी पडला की कुड्या वेगळ्या होत नाहीत, सगळं एकाच गोळ्यात साठतं. तुमच्या डोंबिवलीत डिसेंबर-जानेवारीत रात्री किती गार असतं ते तुम्हालाच माहिती, त्यात बाल्कनी तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर, भिंत दिवसभर तापलेली. आणि लावलात कधी, तर डिसेंबर संपताना! आमच्याकडं ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत टोकण उरकते. पीक चार ते साडेचार महिन्यांचं, पण उशिरा लावलं की थंडीचे दिवस हातचे जातात आणि ऊन लागताच पात वाळते, गड्डा तिथंच थांबतो.

दुसरं म्हणजे बियाणं. दुकानातला मोठ्या कुडीचा लसूण कुठला असतो सांगता येत नाही. डोंगराळ थंड भागातले काही वाण लांब दिवसाचे असतात, म्हणजे दिवस खूप मोठा झाल्याशिवाय गड्डा न धरणारे, ते आपल्याकडं लावले तर पाला भरपूर करतात आणि गड्डा धरत नाहीत. आपल्या हवेला राहुरीच्या विद्यापीठाचे गोदावरी, श्वेता किंवा राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन केंद्राचे भीमा पर्पल, भीमा ओंकार हे वाण बसतात. कुंडीसाठी बियाणं विकत घ्यायचीसुद्धा गरज नाही, सासूबाईंनी पाठवलेला गावरानच लावा, तो त्याच पट्ट्यातला आहे. गड्ड्याच्या बाहेरच्या बाजूच्या टपोऱ्या कुड्या निवडायच्या, मधल्या काडीसारख्या बारीक कुड्या भाजीला. दोन बोटं खोल, दोन कुड्यांत चार बोटं अंतर. आम्ही एकरी दोन क्विंटलच्या आसपास कुड्या लावतो, त्या फोडायला घरातली सगळी माणसं बसतात, सोलायच्या मात्र नाहीत, साल निघालेली कुडी मातीत सडते.

आता गंमत बघा. जो गारवा कुंडीतल्या लसणाला पाहिजे होता तो तुम्ही फ्रिजमधल्या लसणाला दिला 😄 म्हणून तो उगवला! त्याची झोप गारव्यानं मोडते. फ्रिजचा भाजीचा कप्पा म्हणजे पाच-सात डिग्री आणि वर ओल, लसणाला वाटतं थंडी येऊन गेली, चला उगवा. कोल्डस्टोरेजवाले ठेवतात ते शून्याच्या आसपास आणि हवा कोरडी ठेवून, तिथं झोप मोडत नाही. घरी ते जमत नाही. घरी एकच, पंचवीस-तीस डिग्री, कोरडं, वारा खेळता.

याचाच उपयोग करून घ्या. सप्टेंबरच्या शेवटी पंधरा-वीस चांगल्या कुड्या कागदी पिशवीत घालून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवा आणि ऑक्टोबरच्या शेवटी लावा. मुंबईच्या हवेत शेतासारखा गड्डा येईलच अशी गॅरंटी मी देणार नाही, पण कुड्या पडायची शक्यता बरीच वाढते. आणि ते नऊ गोळे फेकू नका, खाऊही नका, ते म्हणजे तुमचं बियाणं. गोळा अख्खा लावला की पुढच्या वर्षी त्याचा कुड्यांचा गड्डा होतो, तोही मोठा, कारण शिदोरी जास्त असते. फक्त तेही आधी महिनाभर गारव्यात ठेवा.

खलबत्ता

वाफेवाले दादा +१, "शिदोरी जास्त असते" हे आवडलं.

माझं माहेर धुळ्याचं. आमच्याकडे लसूण ओट्याखाली कधीच ठेवत नसत. पातीसकट काढलेला लसूण, वीस-पंचवीस गड्डे एकत्र धरून पातीची वेणी घालायची आणि चुलीच्या वरच्या आडव्या बांबूला टांगायची. धूर लागून साल काळपट व्हायचं पण आत कुडी कडक. आजी लागेल तसा वेणीतून एकेक गड्डा पिळून काढायची, वेणी खालून वर उघडी पडत जायची, आणि वेणी किती उरलीय त्यावरून घरात हिशोब, की आता नवा यायला किती दिवस. ओट्याखाली एक तर सिलिंडर, पाण्याची पाईप, ओल, त्यात टोपलीत एकावर एक ढीग, बुरशी येणारच. शहरात चूल नाही पण निदान जाळीच्या पिशवीत थोडा थोडा घालून हवेशीर जागी टांगा, आणि कांद्या-बटाट्याच्या टोपलीत नको, बटाटा ओला असतो.

बुरशीवाले दोन गड्डे काढून टाका, आजूबाजूचे बघा, पोचट झालेत ते वजनावरून कळतात, हातात घेतलं की कागदासारखे लागतात.

कोंब आलेला लसूण खायला चालतो हं, विषारी वगैरे नाही, बटाट्यासारखं नाही त्याचं. फक्त मधला हिरवा कोंब थोडा उग्र कडवट लागतो, फोडणीत कळत नाही, कच्च्या चटणीत कळतो, तेव्हा काढून टाकायचा. आणि खूप कोंब आलेले असतील ते सरळ कुंडीत खुपसा, पंधरा-वीस दिवसांत पात. गड्डा येवो न येवो, पात तर मिळते! लसणाच्या पातीची चटणी म्हणजे, पात बारीक चिरून, हिरवी मिरची, शेंगदाणे, मीठ, तव्यावर तेलात जरा परतून बत्त्यानं ठेचायची, बाजरीच्या भाकरीवर. थंडीतली चव आहे पण कोण थांबतंय.

डोंबिवलीची_बाग

अरे देवा, म्हणजे मी कुंडीतल्याला उन्हात ठेवलं आणि खायच्याला थंडीत! उलटंच केलं सगळं. दादा, मनापासून धन्यवाद. गोळे जपून ठेवते.

पण मग पेस्ट? ती अजून डब्यात आहे, कोणी हात लावत नाहीये, मुलगी म्हणते एलियन चटणी.

गंधक

पेस्ट खा. खराब नाही झालेली.

थोडक्यात सांगतो, मी केमिस्ट्री शिकवतो त्यामुळे थोडक्यात जमेल का बघू. लसणाची पाकळी अख्खी असते तोवर तिला फारसा वास नसतो, कारण अलीन नावाचा गंधकयुक्त पदार्थ एका कप्प्यात आणि अलीनेज हे एन्झाइम दुसऱ्या कप्प्यात असतं. ठेचलं, चिरलं, की कप्पे फुटतात, दोघं भेटतात, अ‍ॅलिसिन तयार होतं, तोच तो झणका. अलीनचाच एक भाऊबंद पदार्थ लसणात असतो, त्याच्यापासून एन्झाइममुळे जे बनतं ते लसणातल्याच अमिनो आम्लांबरोबर जुळून रंगीत संयुगं तयार करतं, काही निळी, काही पिवळी, मिळून हिरवं. थोडा आंबटपणा मिळाला की हे जोरात होतं, म्हणजे तुमचं लिंबू. आणि तो भाऊबंद पदार्थ लसूण बरेच दिवस गारव्यात ठेवला की वाढतो. पेस्टसाठी सोललेला लसूण फ्रिजमधला होता ना? पैज लावतो.

म्हणजे तिन्ही प्रश्नांचं उत्तर थंडीच निघालं. कुंडीत कमी पडली, फ्रिजमध्ये जास्त झाली, पेस्टमध्ये रंग दाखवला.

उत्तर चीनमध्ये तर हिवाळ्यात मुद्दाम लसूण व्हिनेगरमध्ये घालून हिरवागार करतात, डंपलिंगबरोबर खायला, जितका पाचूसारखा तितका भारी. तांब्याचा आणि काकूंच्या थिअरीचा इथे काही संबंध नाही. पुढच्या वेळी टोपलीतला लसूण घ्या, लिंबू नको, मीठ आणि थोडं तेल घालून वाटा आणि लगेच फ्रीझरमध्ये टाका.

डोंबिवलीची_बाग

हो!!! फ्रिजमधलाच होता, तो आधी संपवावा म्हणून. पैज जिंकलात सर.

आगळ

मग आता तेलातल्या बरणीचं करून टाका, सहा महिने निवांत. आमच्याकडे पण एकाने ते रील पाठवलंय.

टोरांटोची_माई

नाही नाही नाही. थांबा. बरणी करू नका.

मी एरवी इथे फक्त वाचते, पण हे लिहिल्याशिवाय झोप येणार नाही. तेलात बुडवलेला कच्चा लसूण बाहेर ठेवणं खरोखर धोक्याचं आहे. १९८५ साली इकडे कॅनडात व्हँकुव्हरमधल्या एका रेस्टॉरंटमध्ये तेलातला चिरलेला लसूण बाहेर ठेवून वापरल्यामुळे ३६ जणांना बॉट्युलिझम (एका जंतूच्या विषामुळे होणारा आजार) झाला होता. लसूण मातीत वाढतो, त्या मातीत या जंतूचे बीजाणू असतात, एरवी ते काही करत नाहीत कारण त्यांना हवा नसलेली जागा लागते. तेलात बुडवलं की नेमकी तीच मिळते, लसूण आंबट नाही, ओला आहे, ऊबदार ओटा आहे, झालं. आणि वाईट म्हणजे वास नाही, बुडबुडे येतीलच असं नाही, चव तशीच, त्यामुळे "वास घेऊन बघू" चालत नाही. त्याने नसांवर परिणाम होतो, दोन दोन दिसायला लागतं, गिळता येत नाही, पुढे श्वासापर्यंत जातं.

तेलातला लसूण करायचाच तर थोडा करा, फ्रिजमध्ये ठेवा, चार दिवसांत संपवा. नाहीतर फ्रीझर. मी बर्फाच्या ट्रेमध्ये पेस्टचे गोळे करते आणि मग पिशवीत भरते, एक गोळा म्हणजे एका भाजीचा. फ्रीझरच्या डब्यातलं बाकी सगळं लसणाचं लागतं हे मान्य, मागे व्हॅनिला आइस्क्रीमचं वाटोळं झालं, तेव्हापासून दोन पिशव्या घालते.

आगळ

बापरे. पण मग आमची आजी लसणाचं लोणचं वर्षभर बाहेर ठेवायची, त्यावर चार बोटं तेल असायचं, काही झालं नाही कोणाला. उगाच घाबरवू नका.

टोरांटोची_माई

आगळ, आजीच्या लोणच्यात लिंबाचा रस किंवा कैरी आणि मीठ किती होतं ते आठवा. आंबटपणा आणि मीठ हेच तिथं राखण करतात, तेल नुसतं वर झाकण आहे. रीलमधल्या बरणीत झाकणच आहे, राखण कोणीच नाही. आजीला नावं ठेवत नाहीये, उलट तिला माहीत होतं.

आगळ

हम्म. पटलं. रील पाठवणाऱ्याला फॉरवर्ड करतो.

प्रायश्चित्त म्हणून एक रेसिपी: फुटी कढी. कोकमाचं आगळ पाण्यात, मीठ, किंचित साखर, हिरवी मिरची, कोथिंबीर, आणि लसूण सालासकट नुसता ठेचून तेलात तांबूस करून वर चुर्र. नारळ नाही. साल काढायचं नाही, साल जळताना जो वास सुटतो तो सोललेल्या लसणाला येतच नाही. गावरान लसूण सोलत बसणाऱ्यांनी हे लक्षात घ्या, निम्म्या फोडण्यांना सोलायची गरजच नसते!

खलबत्ता

सालासकट +१००. कुळथाचं पिठलं, शेपू, शेंगोळ्याचं पाणी, सगळीकडे सालासकट.

आणि ताई, अर्धा किलो सोलायला दोन तास? सोलायचाच असेल तर कुड्या मोकळ्या करून, जरा तेलाचा हात लावून ताटात पसरून दोन-तीन तास कडक उन्हात ठेवायच्या, मग गोणपाटावर किंवा जाड टॉवेलमध्ये घालून दोन्ही हातांनी चोळायच्या, सालं सुटतात, सुपात पाखडलं की उडून जातात. पावसाळ्यात ऊन नसेल तर गरम तव्यावर मिनिटभर, शिजवायचं नाही हं, फक्त साल तडकेपर्यंत.

पाच किलोतला जो कडक उरलाय त्याची श्रावण संपल्यावर सुक्या खोबऱ्याची चटणी करा. एक वाटी किसलेलं सुकं खोबरं मंद आचेवर बदामी, पंधरा-वीस कुड्या, दोन चमचे लाल तिखट, जिरं, मीठ. चूक सगळे एकच करतात, मिक्सर सलग फिरवतात, खोबऱ्याला तेल सुटतं आणि चटणीचा लाडू होतो. आधी लसूण-मीठ-तिखट-जिरं ठेचून घ्यायचं, खोबरं शेवटी, ते गार झाल्यावर, आणि मिक्सर थांबत थांबत. किंवा माझं नाव वाचा आणि तेच वापरा. बत्त्याखाली लसूण चेचला जातो, मिक्सरमध्ये कापला जातो, चवीत फरक पडतो, गंधक सर कारण सांगतील.

गंधक

चेचल्यावर जास्त पेशी फुटतात, जास्त अ‍ॅलिसिन. म्हणून झणका. उलट अख्ख्या कुड्या तशाच शिजवल्या तर उष्णतेनं एन्झाइम आधीच मरतं आणि लसूण गोड, मऊ लागतो. एकच लसूण आहे, आधी ठेचायचा की आधी शिजवायचा एवढ्यावर स्वभाव बदलतो.

वाफेवाला

एक राहिलं. पुढच्या वर्षी कुंडीतला काढायच्या आधी पंधरा-वीस दिवस पाणी तोडा. पात पिवळी पडायला लागली की लोकांना दया येते आणि पाणी घालतात, मग गड्डा फुटतो, साल सुटतं आणि टिकत नाही. तुमचे दोन सडले ते त्यामुळंच असणार. काढल्यावर धुवायचा नाही, पातीसकट आठ-दहा दिवस सावलीत. शेतात आम्ही ओळीनं मांडतो, एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या गड्ड्यांवर येईल अशी, म्हणजे गड्ड्याला थेट ऊन लागत नाही.

अवांतर, २०२४ ला शहरात लसूण चारशेच्या वर गेला तेव्हा सगळे फोन करत होते, दादा थोडा पाठवा. आमचा मार्चमध्येच विकून झालेला, ठेवायला जागा नाही म्हणून. टिकवायचं कोडं फक्त ओट्याखालचं नाही ताई.

डोंबिवलीची_बाग

मंडळी, सत्यनारायण नीट पार पडला, वासाचं कोणी काही बोललं नाही, उदबत्त्या तीन पुडे लागल्या.

अपडेट देते. टोपलीतला लसूण निवडला, चार जाळीच्या पिशव्यांत घालून पॅसेजमध्ये टांगलाय, लिफ्टमधून येणारे वर बघतात. कोंबवाला कुंडीत खुपसलाय, तिसऱ्या दिवशी पात दिसायला लागली. हिरवी पेस्ट फ्रीझरमध्ये, डब्यावर मुलीने "एलियन" लिहिलंय. तेलाची बरणी रद्द, माई तुमचे आभार, ते मला कोणीच सांगितलं नसतं. सासूबाईंना फोन करून फ्रिजचं सांगितलं तर म्हणाल्या, लसूण फ्रिजात कोण ठेवतं गं, आणि मग बराच वेळ हसत होत्या.

गोळे मात्र आता आठच आहेत. काल नवऱ्याने स्वतःसाठी ऑम्लेट केलं (तो श्रावण पाळत नाही, अंडं चालतं म्हणतो), खिडकीतला एक काढून चिरला, छोटा कांदा समजून. म्हणाला कांदा जरा तिखट होता.